रोलर थांबत नसतो

रोलरवाल्याला पोलिसाने पाठलाग करून पकडलं, हे ज्याने ज्याने ऐकलं तो आधी पोट धरून हसला. खुद्द रोलरवालाही हसला. त्याला सगळे ओळंबा म्हणत, कारण तीस वर्षांत त्याने दाबलेला एकही रस्ता तसूभर वाकडा गेला नव्हता. निदान तो स्वतः तसं सांगायचा, आणि सांगायची संधी सहसा सोडायचा नाही. "रोलरखाली काडेपेटीतली काडी आली तरी मला वर बसून कळतं," हे त्याच्या बायकोने इतक्यांदा ऐकलं होतं, की तो "रोलरखाली" एवढंच म्हणाला की ती उठून चहा टाकायला जायची.

झालं होतं ते असं. ओळंब्याच्या बहिणीचा मुलगा वकिलीची परीक्षा पास झाला. दुपारी जेवणाच्या सुट्टीत फोन आला. घराण्यातला पहिला वकील! ओळंब्याने डांबर टाकणाऱ्या मंडळींबरोबर एक बाटली उघडली, आणि आनंद उरला म्हणून दुसरी. मग तो रोलरवर चढला आणि नव्या रस्त्यावर ओतलेलं गरम डांबर दाबू लागला. रस्त्याच्या तोंडाशी लोकांना अडवायला एक हवालदार उभा होता. ओळंब्याने जाताना त्याला सलाम ठोकला, येताना दुसरा ठोकला, आणि तिसऱ्या खेपेला थेट त्याच्याकडे वाकून गाणंच म्हटलं. हवालदाराला वास आला.

"काका, रोलर थांबवा."

"रोलर थांबत नसतो," ओळंबा म्हणाला.

यात उर्मटपणा नव्हता. गरम डांबरावर रोलर उभा केला की त्याच्या वजनाने खाली खळगा पडतो, हे त्या धंद्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तेव्हा ओळंबा पुढे गेला, मागे आला, पुन्हा पुढे गेला. हवालदारही कर्तव्याला पक्का. तोही बाजूने चालू लागला. असे ते दोघं दीड तास चालले. श्वास तपासायचं यंत्र हवालदाराने चालता चालता वर धरलं आणि ओळंब्याने बसल्या जागेवरून वाकून त्यात मनापासून फुंकर मारली. आकडा मर्यादेच्या तिप्पट निघाला. काम संपल्यावर ओळंबा आपणहून खाली उतरला आणि म्हणाला, "हं, आता पकडा."

कागदावर तीन गुन्हे लागले. दारू पिऊन वाहन चालवणे, इशारा देऊनही न थांबणे, आणि पोलिसाला हुलकावणी देऊन पळ काढणे. पळ काढल्याचं अंतर सहा किलोमीटर. आरोपी पळून कुठे पोचला, या रकान्यात हवालदाराने प्रामाणिकपणे लिहिलं होतं, 'निघाला तिथेच.' अगदी खाली, जागा नव्हती तिथे, आणखी एक ओळ होती: 'सदर पाठलागात माझा डावा बूट गेला.'

गुन्हा सिद्ध झाला तर परवाना सहा महिने जप्त होणार होता. परवाना गेला की रोलर गेला. रोलर गेला की ओळंब्याचं काय उरणार? घरात दिवसभर बायकोच्या पायात पायात येणारा एक माणूस. या विचाराने मात्र त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"मामा, बिनघोर राहा," भाचा म्हणाला. "माझ्यापायी झालंय, मीच सोडवतो." वकील झाल्यावरचा त्याचा हा पहिलाच खटला. काळा कोट खांद्यात दोन बोटं मोठा होता, पण डोकं चालत होतं. कोर्टात उभा राहिला तो हातातला कायदा उघडूनच.

"बाई, कायदा म्हणतो, सार्वजनिक रस्त्यावर. रस्ता म्हणजे काय? दाबून पुरा झालेला तो रस्ता. तोवर ती नुसती डांबर पसरलेली जागा."

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला. "म्हणजे आरोपी त्यावर रोलर चालवत होता तेव्हा तो रस्ता नव्हता?"

"नव्हता."

"आणि चालवून झाल्यावर?"

"झाला की! पण तोवर मामा, म्हणजे आरोपी, खाली उतरले होते."

बाईंनी कायद्याची पानं पुढेमागे चाळली. असं कुणी विचारलं तर काय, हे त्यात कुणाच्या बापाने लिहून ठेवलं नव्हतं. भाच्याने मग रस्ते खात्याच्या इंजिनियरचं पत्र पुढे केलं. शेवटची खेप मारायची राहिली होती, असं त्यात म्हटलं होतं. हवालदार उभा राहून बुटाबद्दल काही सांगू लागला, तर भाच्याने त्याला मध्येच तोडलं. "साहेब, बूट कुत्र्याने नेला असेल. तो खटला कुत्र्यावर भरा."

अख्खं कोर्ट हसलं. सगळ्यांत मोठ्याने हसला ओळंबा. हवालदार खाली बसला.

आता ओळंब्याने पिंजऱ्यात उभं राहून काम अपुरं होतं एवढे तीन शब्द म्हणायचे, की तो सुटला. घरी भाच्याने त्याच्याकडून ते वीस वेळा घोकून घेतले होते. पण पोराला चेव चढला होता. "बाई, रस्ता कसला तो!" त्याने हात उडवले. "ओबडधोबड, अर्धवट, जागोजागी खळगे..."

"खळगे?" पिंजऱ्यातून आवाज आला. "माझ्या रस्त्यात?"

"मामा, तीन शब्द."

"तुझे तीन शब्द गेले खड्ड्यात! बाई, रस्ता पुरा होता. हा पोरगा काल वकील झालाय, मी तीस वर्षं रस्ते दाबतोय. दोन बाटल्या काय नि चार काय, माझा हात बिघडत नाही. पाणी ओतून बघा. एक थेंब कुठे थांबला, तर परवाना आत्ता ठेवतो तुमच्या टेबलावर."

भाच्याने कपाळाला हात लावला. मागच्या बाकावर बायकोने पदर सावरला आणि ती उठली, कारण बादली कुणाला आणावी लागणार हे तिला अनुभवाने कळलं होतं.

न्यायाधीशबाईंनाही पाहायचंच होतं. जेवणाच्या सुट्टीआधी सगळं कोर्ट चालत त्या रस्त्यावर गेलं. पुरावा म्हणून तो तीन महिने बंद ठेवलेला. कुणी चाललं नव्हतं, वर खडीची भुकटी तशीच पसरलेली. बायकोने जवळच्या नळावरून बादली भरली आणि उंच बाजूने ओतली. पाणी धावलं, पण काय धावलं! मधून दोन्ही कडांना सारखं फुटून गटारीकडे सरळ निघालं. दुसरी बादली, तिसरी. ओळंब्याची छाती फुगली. इंजिनियरसुद्धा मान डोलावू लागला, आपल्याच पत्राच्या विरोधात.

पाचवी बादली कडेच्या अंगाला ओतली आणि पाणी थांबलं.

वीतभर जागा. पाणी तिथे गोल फिरलं, भुकटी धुऊन घेऊन गेलं, आणि खालून एक आकार वर आला. टाच. तळवा. नाडीच्या गाठीचे दोन कान. इस्त्री केल्यासारखा सपाट, डांबरात बसलेला, डावा बूट.

भाचा हसला. मग बाकी कुणी हसत नाही हे पाहून गप्प झाला.

ओळंबा उकिडवा बसला. त्याने बुटावर पंजा ठेवला. काडेपेटीतली काडी कळायची त्याला. हा अख्खा बूट, जाड तळव्याचा, आणि त्याला कळलंच नव्हतं. वर बसून तो गात होता.

"हवालदारसाहेब," तो खाली बघतच म्हणाला. "यात पाय होता?"

"होता ना. डांबरात रुतला. ओढला तर निघेना. तुम्ही मागे येत होतात."

"हाक नाही मारलीत?"

"तीनदा मारली, काका. शेवटी नाडी तशीच ठेवून पाय उपसून काढला. तेच तर सांगत होतो मघाशी."

ओळंब्याने बोटाने नाडीची गाठ चाचपली. बायको बादली ठेवून त्याच्या शेजारी येऊन बसली.

"बाई," तो उठून म्हणाला, "रस्ता होता, आणि चालवत मीच होतो. प्यायलो होतो. लिहा."

परवाना सहा महिने जप्त झाला, वर दंड. इथवर सगळं रीतसर. पण लेखनिकाने शंका काढली, की बूट हा पुरावा, तर तो जप्त करायला हवा. मग रस्त्याचा हातभर चौकोन बुटासकट कापून कोर्टात नेऊन ठेवला. राहिला खड्डा. तो बुजवून दाबायला रोलर हवा. रोलर चालवणारा खात्यात एकच, आणि त्याच्याकडे परवाना नाही. तेव्हा सहा महिने रस्त्याच्या कडेला तो खड्डा तसाच राहिला, भोवती दोरी बांधून. ओळंबा रोज सकाळी तिथवर चालत जायचा, डोकवायचा आणि परत यायचा. दारूला तो शिवला नाही. घरात मात्र पायात पायात यायचा, आणि बायको त्याला रोज एकदा तरी बाहेर पिटाळायची.

परवाना हातात पडला त्याच दिवशी त्याने पहिलं काम घेतलं ते तो खड्डा. डांबर ओतलं. वाफा निघत होत्या. ओळंबा पुढे गेला, मागे आला. पलीकडे तोच हवालदार उभा होता, नवे बूट घालून. त्याला नुसतं रस्त्याच्या या बाजूला यायचं होतं. ओरडायची काही गरज नव्हती, त्याने जरासा हात वर केला.

ओळंब्याने रोलर थांबवला. भर गरम डांबरावर.

"अहो काका, खळगा पडेल!"

"पडू दे. तुम्ही या आधी."

हवालदार आला, सावकाश, एकेक पाऊल बघून टाकत. तो या काठाला पोचेपर्यंत ओळंबा मान वळवून त्याच्या पायांकडे पाहत होता. मग त्याने रोलर हलवला.

तिथे अजून पाणी साचतं. खात्यात कुणी नवखा विचारतो, की एवढ्या सरळ रस्त्यात हे काय. ओळंबा सांगतो, "रोलर थांबवला होता," आणि पुढे काही सांगत नाही.