रस्त्याची रेघ

नायगाव पश्चिमेच्या बाजाररस्त्याचा नवा आराखडा करायचं काम अंधेरीच्या कंपनीला मिळालं, तेव्हा ते स्टेफीकडेच येणार हे ऑफिसात सगळे धरून चालले होते. ती त्याच रस्त्यावर वाढली होती. तिचा साहेब मेलरॉय हसत म्हणाला, "तुझ्या माणसांशी तूच बोल. आम्ही गेलो तर दगड मारतील."

दगड कुणी मारले नसते, पण दारं नक्की लावून घेतली असती. खाडीच्या बाजूला टॉवर उभे राहिले आणि स्टेशनकडे जाणारी सगळी वर्दळ त्या एका जुन्या रस्त्यावर येऊन पडली. फुटपाथ नव्हताच. गटारावरच्या लाद्या फुटलेल्या. शाळेच्या वेळेला आया मुलांची दप्तरं खांद्याला लावून रिक्षांच्या मधून वाट काढत. रस्ता सुधारायला हवा, हे जो तो म्हणायचा. पण कुणाचं काय जाणार हा विषय निघाला की माणसं घड्याळ बघायला लागत. याआधी मोजणीवाले आले होते आणि आल्या पावली परत गेले होते.

या वेळी ते परत गेले नाहीत, ते काशीरामकाकांमुळे.

काशीरामकाकांची पिठाची गिरणी रस्त्याच्या वळणावर होती. तांदळाचं पीठ, डाळी, उन्हाळ्यात वर्षाचा मसाला, सगळं तिथेच दळलं जायचं. चर्चच्या बाजूची कुटुंबं असोत की खाडीकडची, डबा त्यांच्याकडेच यायचा. गिरणीपुढे सिमेंटचा लांब कट्टा होता. दळण होईपर्यंत बायका तिथे टेकत आणि तेवढ्यात गावाची सगळी खबर इकडची तिकडे होई. या रस्त्यावर बसायला दुसरी जागाच नव्हती.

चर्चच्या हॉलमध्ये पहिली बैठक झाली, तेव्हा दुकानदार हाताची घडी घालून मागे उभे राहिले होते. स्टेफी भिंतीवर चित्रं दाखवत होती. दोन्ही बाजूंना फुटपाथ, झाकलेली गटारं, सावलीला झाडं, मधूनमधून बाकं. मग काशीरामकाका उठले. लेंग्याला पिठाचे हात पुसत म्हणाले, "ही कोन हाय ठाव हाय ना? युजीन सरांची पोर. माज्या कट्ट्यावं बसून हिनं पाढे पाठ केलेत. ही आपल्याला फसवनार हाय का? मोजू द्या त्यांना."

दुसऱ्या दिवसापासून मोजणी सुरू झाली.

अडचण एकाच ठिकाणी होती. गिरणीच्या वळणावर रस्ता इतका आवळलेला, की समोरासमोर दोन रिक्षा आल्या तर एकीला मागे हटावं लागे. पूर्वेला गिरणी होती. पश्चिमेला युजीन सरांचं, म्हणजे स्टेफीचंच घर. तिने पहिली रेघ आखली ती मधोमध. तशी आखली तर गिरणीचा कट्टा आणि पुढचे पत्रे जात होते, पण आतली मशीन राहत होती. इकडे तिच्या घराच्या पुढच्या खोलीचा अर्धा भाग जात होता.

त्या खोलीत तिच्या आईचा, रोझलिनचा, शिवणाचा वर्ग चालायचा. चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनचे पांढरे फ्रॉक, लग्नाचे गाऊन, शिकायला येणाऱ्या मुली. रोझलिनचं निम्मं आयुष्य त्या खोलीत गेलं होतं. स्टेफी एका संध्याकाळी घरी आली, तेव्हा ती एका गाऊनच्या बाहीला लेस टाचत होती. मान वर न करता तिने विचारलं, "अगं, ती रेघ आपल्याकडे कुठून जाते?"

"अजून नक्की नाही, मम्मी."

"बरं," रोझलिन म्हणाली आणि पुन्हा टाके घालू लागली. एवढंच झालं. ती रडली नाही, काही मागितलंही नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात स्टेफीने रेघ उचलली आणि पूर्वेकडे सरकवली. माऊसची जराशी हालचाल. कारणही हाताशी होतं. तिच्या घराच्या कुंपणाला लागून विजेची डीपी उभी होती. ती हलवणं अवघड आहे, म्हणून रस्ता पूर्वेकडून न्यावा, असं तिने आराखड्यासोबत नोंदवलं. डीपी हलवता येते हे तिला पक्कं ठाऊक होतं. याच रस्त्यावर पुढे अशीच एक डीपी तिने स्वतः आराखड्यात हलवून दाखवली होती. मेलरॉयने एकवार नजर टाकली आणि "ठीक आहे" म्हणून पान उलटलं.

आता गिरणी पूर्ण जात होती.

हे काशीरामकाकांना सांगायला ती स्वतः गेली. दुसऱ्या कुणाला पाठवायची तिला लाज वाटली. मसाल्याचे दिवस होते. मिरच्यांच्या खकाण्याने लोक रस्त्यातूनच खोकत जात होते. काकांनी तोंडावरचं फडकं खाली घेतलं, मोटर बंद केली. पट्टा फडफडत थांबला.

"मशीनबी जाईल?" त्यांनी विचारलं.

"वळणाला दुसरा इलाज नाही, काका. डीपी आड येते. नियमाप्रमाणे मोबदला मिळेल तुम्हाला."

"तुमच्या बाजूचा काय जातंय?"

स्टेफीने घशातला खकाणा खाकरून काढला. "कुंपणाचा एक कोपरा," ती म्हणाली.

काकांनी समोरच्या घराकडे पाहिलं, मग डीपीकडे. त्यांच्या मागे भागूबाई, त्यांची बायको, मसाला डब्यात भरत होत्या. त्यांचा हात थांबला होता. काकांनी फडकं झटकून खांद्यावर टाकलं. मग म्हणाले, "तू बोलतेस म्हंजे तसाच असंल, बाय. तू शिकलेली हायस." आणि तिला चहा सांगितला. तो चहा तिला संपवावा लागला.

त्यानंतर स्टेफीचं कामात लक्ष लागेना. रविवारी चर्चमध्ये मिस्साला ती पायऱ्यांजवळच थांबायची, कारण आत शिरताना काशीरामकाकांच्या शेजारपाजारचे कुणी ना कुणी विचारायचे, "मग कधी सुरू होतंय गं आपलं काम?" घरी शिलाई मशीनचा आवाज सुरू झाला की ती वरच्या खोलीत निघून जायची. ज्या आवाजासाठी एवढं केलं, तोच आता तिला ऐकवत नव्हता. युजीन सरांनी एकदा जेवताना म्हटलं, "काशीरामचं फार वाईट झालं. पण तुझ्या हातात काय होतं म्हणा." रोझलिनने भाताचं भांडं उगाच इकडचं तिकडे केलं. स्टेफीला त्याच क्षणी कळलं, की मम्मीला माहीत आहे. कुणी न सांगता माहीत आहे.

हरकतींची सुनावणी जवळ आली. बाजारात कुरबुर वाढली. दोन-चार दुकानदारांनी संमतीच्या कागदावर सह्या करायला नकार दिला, नव्याने बैठक बोलावली. त्या बैठकीला स्टेफी तापाचं निमित्त काढून गेली नाही, तीन दिवस गिरीज गावी आत्याकडे जाऊन राहिली. तिसऱ्या रात्री तिथेच बसून तिने आराखडा उघडला आणि रेघ पुन्हा मधोमध आणली. डीपी चार घरं पलीकडे दाखवली. मम्मीच्या खोलीवरून लाल रेघ गेली, तेव्हा तिला रडू आलं, पण त्याबरोबर खूप दिवसांनी हलकंही वाटलं. मेलरॉय फोनवर वैतागला. "आता? सुनावणी तोंडावर आली असताना?" ती म्हणाली, "चूक माझी आहे. मीच सांगते सगळ्यांना." "मला काय सांगतेस ते विचार करून सांग," तो म्हणाला. तिने सगळं सांगितलं.

सकाळी ती तिथून आधी गिरणीकडेच निघाली. काकांना सुनावणीत कळण्यापेक्षा आधी आपल्या तोंडून कळावं, असं तिला वाटत होतं. वाक्यं तिने मनात जुळवली होती. पण वळणावर येताच तिची पावलं थांबली. पलीकडची नारळाची रांग तिला दिसली. ती रांग रस्त्यावरून कधीच दिसत नसे, कारण मध्ये गिरणी होती.

पत्रे उतरवून एकावर एक रचले होते. कट्टा फोडलेला होता. मशीनच्या पायाच्या जागी खड्डा होता आणि त्यात वर्षानुवर्षांचं पीठ आणि तेल मिळून काळपट थर साचलेला दिसत होता. काशीरामकाका एका विटेवर बसून पत्र्यांचे खिळे वेगळे करत होते.

"काका, हे काय?"

"ये बाय. ताप उतरला का?" ते म्हणाले. "बैठकीत लय आरडाओरड झाली बघ. तो किराणावाला बोलला, ही स्वताच्या लोकांचा वाचवते आनि आपला तोडते. मला खपला नाय. मी बोललो, मंग मीच पयला देतू. मी दिल्यावं तुमी द्याल का नाय? तवा कुठं गप झाले. सगल्यांनी सह्या केल्या." त्यांनी एक खिळा ठोकून सरळ केला. "मशीन भंगारवाला घेऊन गेला. आता नवा मशीन टाकायचा आपला वय नाय. आमचा पोरगा प्रितेश बोलवतोय चंदनसारला, त्याच्याकडं जाऊ."

स्टेफी जुळवलेलं सगळं विसरली. ती त्यांच्या समोर मातीतच बसली.

"किराणावाला खोटं बोलला नाही, काका."

त्यांनी मान वर केली.

"डीपी हलवता येत होती. पहिली रेघ मधोमध होती. तुमचा कट्टा गेला असता, मशीन राहिली असती. आमची पुढची खोली गेली असती. मी ती सरकवली." ती खाली बघून बोलत होती. "काल रात्री परत बदलली. तेच सांगायला आले होते."

रस्त्यावरून एक रिक्षा हॉर्न वाजवत गेली. काकांनी हातातला खिळा डब्यात टाकला. चिडले असते तर तिला बरं वाटलं असतं.

"तुज्या आयनं सांगितला व्हता का?" त्यांनी विचारलं.

"नाही. कुणीच नाही."

"मंग मला इचारायचा व्हतास." ते हळू बोलले. "मी काय, सरांची खोली तोडा बोललो असतो का? बसलो असतो आपन, सर, मी, तू. काय तरी काडला असता. नाय तर मी बोललो असतो, जाऊ दे, माजा घे. तो मी दिल्याला असता. आता हा घेतल्याला झाला." त्यांनी फोडलेल्या कट्ट्याकडे हात केला. "आनि मी चार मानसांत तुज्यासाठी भांडलो."

मागून भागूबाई येत होत्या, डोक्यावर चुंबळ, बहुधा पत्रे न्यायला. त्यांनी शेवटचं तेवढं ऐकलं असावं. त्या तशाच उलट्या फिरून निघून गेल्या.

सुनावणीत अधिकाऱ्याने विचारलंच, की आधीची रेघ पूर्वेला होती ती का बदलली. स्टेफी उभी राहिली. "पश्चिमेचं घर आमचं आहे," ती म्हणाली. "ते वाचवायला मी ती पूर्वेला नेली होती. डीपीचं कारण बरोबर नव्हतं." हॉलमध्ये कुजबूज झाली. युजीन सर तिसऱ्या रांगेत बसले होते. आयुष्यभर वर्गात खरं बोला म्हणून सांगत आलेला माणूस. त्यांनी चष्मा काढला आणि तो पुसत राहिले. काशीरामकाका आले नव्हते.

मधली रेघ मंजूर झाली. कंपनीने स्टेफीला त्या कामावरून काढलं. ती फायली देऊन निघाली तेव्हा मेलरॉयने तिचा हात दाबला, पण या कामावर राहा म्हणाला नाही.

पुढची खोली अर्धी कापली गेली. ज्या दिवशी भिंत पाडली, त्या दिवशी रोझलिनने मशीन मागच्या पडवीत नेली आणि कापडाचे गठ्ठे बांधत बसली. स्टेफी मदतीला गेली.

"मम्मी, माझ्यामुळे..."

"गप." रोझलिनने गाठ घट्ट आवळली. "मी त्या दिवशी रेघेचं विचारलं ना, ते सहज नव्हतं विचारलं. मला माहीत होतं तू काय करशील. मीच तुला वाढवलंय." तिने दुसरा गठ्ठा पुढे ओढला. "भागूबाई मला रस्त्यात दिसल्या. मी हाक मारली. त्या थांबल्या नाहीत."

रस्ता झाला. लोकांना आवडलाही. आया मुलांना चालत शाळेत नेऊ लागल्या, बाकांवर म्हातारी माणसं बसू लागली. काशीरामकाकांची उरलेली जागा त्यांच्याच नावावर होती, पण तिथे आता गवत होतं. दळायला लोक स्टेशनपलीकडे जाऊ लागले, बरेचजण तयार पिठाच्या पिशव्या आणू लागले.

स्टेफी एका रविवारी दुपारी विरारला उतरली, चंदनसारची रिक्षा केली. गिरीजच्या आत्याकडून आणलेल्या सुकेळ्यांचं, वाळवलेल्या केळ्यांचं, पुडकं सोबत होतं. इमारतीचा जिना चढताना दोनदा तिला परत फिरावंसं वाटलं. दार काशीरामकाकांनीच उघडलं. पिठाशिवाय त्यांचे हात अनोळखी दिसत होते.

"ये, ये," ते म्हणाले. "सर बरे हायत ना?"

त्यांनी तिला गॅलरीत खुर्ची दिली. सुनेने चहा आणला. काका प्रितेशच्या नोकरीबद्दल बोलले, पाण्याच्या टँकरबद्दल बोलले, खालच्या मैदानात संध्याकाळी जमणाऱ्या म्हाताऱ्यांबद्दल बोलले. रस्त्याबद्दल एक शब्द नाही. तिने विषय काढायला तोंड उघडलं की ते दुसरंच काही विचारत. पुडकं त्यांनी घेतलं, "कशाला आनलास" म्हणाले आणि आत नेऊन ठेवलं.

"काकी कुठे आहेत?" तिने शेवटी विचारलं.

"हाय की. आत हाय."

आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. पलीकडे टीव्ही लागला होता. तिने विचारलं तेवढ्यात त्याचा आवाज वाढला. काकांनी त्या दाराकडे पाहिलं, मग खाली मान घालून कपातला चहा फिरवत राहिले.

स्टेफी उठली. काका जिन्यापर्यंत आले. "जपून उतर बाय, खालचा दिवा गेलाय," ते म्हणाले आणि ती पहिल्या वळणावर पोचेपर्यंत तिथेच उभे राहिले. मग दाराची कडी लागल्याचा आवाज आला. ती उरलेला जिना भिंतीला हात लावत उतरली.