ठकीचा कान

सुयोगला कुत्र्यांचं वेड लागून दोन वर्षं झाली होती. राहायला बदलापुरात कात्रपला, नोकरी अंबरनाथच्या एका कारखान्यात, आणि शिफ्ट सुटली की पठ्ठ्या घरी न जाता पाठीवर भात आणि कोंबडीच्या पायांचा डबा टाकून थेट पालेगावात. तिथे टॉवर उभे राहिलेत. म्हाताऱ्या कोंडाजीबाबांची शेती त्या टॉवरांखाली गेली, मागच्या भिंतीला टेकून त्यांचं जुनं घर तेवढं राहिलं. आणि घर ते टॉवर अशी सगळी हद्द आपलीच समजणारी एक तपकिरी कुत्री.

बाबा तिला ठकी म्हणायचे, सुयोग ब्राउनी. टॉवरमधली माणसं म्हणायची ती कानकापी, कारण तिच्या डाव्या कानाचं टोक नव्हतं.

त्या कानावरच सुयोगची सगळी भिस्त होती. नसबंदीचं ऑपरेशन केलेल्या कुत्र्याच्या कानाचं टोक खूण म्हणून कापतात, आणि त्याच वेळी रेबीजचं इंजेक्शनही देतात. टॉवरच्या सोसायटीचा सेक्रेटरी विनीत अधूनमधून पालिकेची गाडी बोलवून कुत्री उचलायची भाषा करायचा. ऑपरेशन झालेलं कुत्रं उचलता येत नाही, हा नियम सुयोग त्याला ऐकवायचा, मग ठकीचा कान दाखवायचा. विनीत पुटपुटत निघून जायचा. हल्ली ठकी चांगली गुबगुबीत झाली होती. आपण खाऊ घातलं म्हणून अंग धरलं, असं समजून सुयोगने तिचे फोटोही टाकले होते.

गुरुवारी संध्याकाळी ती चावली. तिसऱ्या मजल्यावरच्या प्रतिभाताईंची किर्ती, वय वर्षं सात. बॉल गेला पाण्याच्या टाकीमागे, तिथे ठकीने खड्डा उकरून ठेवलेला. पोरगी आत वाकली, मागून ठकी धावून आली आणि पोटरीला दोन दात लागले.

सुयोग तिथेच होता. त्याने किर्तीला नळाखाली बसवलं, साबणाने जखम चांगली पंधरा मिनिटं धुतली. तोवर प्रतिभाताई धावत आल्या. त्यांनी एकच विचारलं, दवाखान्यात नेऊ ना?

आता खरं सांगायचं तर सुयोगच्या डोक्यात त्या क्षणी किर्ती नव्हती. दवाखान्यात गेल्या की केसपेपर होणार, त्यावर कुत्रा चावला असं लिहिलं जाणार, आणि विनीतला नेमका तोच कागद हवा होता. तो म्हणाला, "ताई, हिचा कान बघा. ऑपरेशन झालंय, रेबीजचं इंजेक्शन झालंय. धनुर्वाताचं घ्या फक्त, बास."

दोन वर्षं कुत्र्यांमध्ये वावरणारा पोरगा इतक्या ठामपणे सांगतोय म्हटल्यावर त्या बाईंनी विश्वास ठेवला. समोरच्या क्लिनिकमध्ये त्यांनी तेच सांगितलं आणि किर्तीला धनुर्वाताचं इंजेक्शन देऊन आणलं.

रविवारी सकाळी सुयोग डबा घेऊन आला तर कोंडाजीबाबा पडवीत गोणपाट अंथरत होते. कोणासाठी, असं त्याने विचारलं.

"ठकीसाठी. आज-उद्या विईल ती. थानं बघ कशी भरलीत."

सुयोग हसला. बाबा, तिचं ऑपरेशन झालंय, म्हणाला. आणि मग तो खाली बसला, आणि त्याने नीट बघितलं. पोट खाली लोंबलेलं. थानं गुलाबी, ताठ. फोटोसुद्धा टाकले होते त्याने या पोटाचे.

"मग कान कोणी कापला?"

"मीच," बाबा म्हणाले. "आमच्यात पिलाचा कान कापतात बारीक असतानाच. कान कापला का कुत्रा तिखट होतो. चोराला नाय सोडत."

"इंजेक्शन?"

"कसलं इंजेक्शन? तिला कोन हात लावतोय माझ्याबिगर."

सुयोगने बोटांवर दिवस मोजले. गुरुवार, शुक्रवार, शनिवार. तीन दिवस.

उल्हासनगरला जनावरांची डॉक्टर असलेली त्याची मैत्रीण शलाका, तिला त्याने फोन लावला. कुत्री खातेय, पितेय, ठणठणीत आहे, असं तो एका दमात सांगत सुटला. शलाकाने त्याला पूर्ण बोलूच दिलं नाही. ठणठणीत दिसते यावर पोरीचा जीव पणाला लावू नकोस, आत्ता जा, उशीर झाला असला तरी आत्ताच जा, म्हणाली. शेवटी म्हणाली, "हा रोग एकदा झाला की औषध नसतं, सुयोग. तुला माहितीये ते."

माहीत होतंच. म्हणून तर तो तीन मजले चढून प्रतिभाताईंकडे निघाला. मध्ये एकदा थांबलासुद्धा. ठकी ठणठणीतच असेल, नव्व्याण्णव टक्के ठणठणीत, मग कशाला सांगायचं, हेही मनात येऊन गेलं. मग त्याने बेल दाबली.

प्रतिभाताईंनी सगळं उभ्याउभ्याच ऐकलं. आतून कार्टूनचा आवाज येत होता.

"तुला माहीत नव्हतं, की तू सांगितलं नाहीस?"

"माहीत नव्हतं," तो म्हणाला. मग म्हणाला, "पण मी विचारलंही नव्हतं. आणि तुम्ही दवाखान्यात जाऊ नये असं मला वाटत होतं."

त्यांनी चपला घातल्या. किर्तीला उचललं. तूही चल, एवढंच म्हणाल्या.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी आधी तारीख विचारली, मग दोघांकडे आळीपाळीने बघितलं. रेबीजच्या इंजेक्शनची गरज नाही असं आपणच सांगितलं होतं, हे सुयोगने कबूल केल्यावर त्याची जी खरडपट्टी काढली, ती वॉर्डातल्या सगळ्यांनी ऐकली. जखमेत सुई गेली तेव्हा किर्तीने जी लाथ मारली ती सुयोगच्या बरगडीत बसली. तो हलला नाही. बाकीची इंजेक्शनं ठरल्या तारखांना घ्यायची होती.

केसपेपरवर 'कुत्रा चावला' हे शब्द उमटले. खाली डॉक्टरांनी अजून एक ओळ लिहिली. चावल्यापासून दहा दिवस कुत्रीवर नजर ठेवायची. आजारी पडली, मेली, गायब झाली तर लगेच कळवायचं.

संध्याकाळी विनीत तक्रारीचा अर्ज आणि गाडीवाल्याचा फोन नंबर घेऊन प्रतिभाताईंच्या दारात हजर. त्याला वाटलं होतं, आता तरी ह्या सही करतील. पण ताईंनी केसपेपरच त्याच्या हातात दिला. कुत्रीला तुम्ही नेलंत तर दहा दिवस भरेपर्यंत मी कोणाला बघू, असं विचारलं. विनीतने कागद दोनदा वाचला आणि गाडीवाल्याला नको म्हणून कळवलं.

ठकीला पडवीत बांधलं. बाबांना ते आवडलं नाही. जन्मात दोरी नव्हती तिच्या गळ्यात. मंगळवारी तिला पाच पिल्लं झाली. प्रतिभाताई रोज सकाळी ऑफिसला जाताना भिंतीपलीकडून लांबूनच बघायच्या. खाल्लं का, पाणी प्यायली का, लाळ गळतेय का. सुयोग उत्तर द्यायचा. त्या ऐकून घ्यायच्या आणि मग बाबांनाही तेच विचारायच्या. सुयोगला ते लागायचं, पण बरोबर होतं त्यांचं.

पुढच्या रविवारी दहा दिवस भरले. ठकी धडधाकट होती. तिचं काय करायचं यावर सोसायटीची मीटिंग भरली. सुयोगने सगळ्यांसमोर आपली चूक सांगितली. माझ्या डॉक्टर मैत्रिणीकडून लगेच इंजेक्शन देववतो, पिल्लांनी दूध सोडलं की ऑपरेशन, मला दोन महिने द्या, म्हणाला. मागून कोणीतरी म्हणालं, याच्या शब्दावर? दोन-चार जण हसले.

प्रतिभाताई उभ्या राहिल्या.

"मला कुत्री आवडत नाहीत. आधीही नव्हती, आता तर बघवतही नाहीत. याच्या शब्दावर तर मी काडीचाही विश्वास ठेवणार नाही. इंजेक्शनचा कागद डॉक्टरीणबाईंनी मला आणून द्यायचा, माझ्या हातात." त्या जरा थांबल्या. "पण आठवडाभर मी रोज बघितलंय तिला. पिल्लांचे डोळेही उघडले नाहीत अजून. आईला उचलून नेलं तर दोन दिवसांत मरतील ती. माझ्या पोरीला चावली म्हणून तुम्ही हे करणार असाल तर माझ्या पोरीचं नाव काढा त्यातून. दोन महिने द्या."

विनीतने वहीत दोन महिने लिहिलं आणि पार्किंगचा विषय घेतला.

सुयोग खाली उतरला, शलाकाला फोन लावला. उद्या सकाळी येशील का, म्हणाला, आणि येताना सहीशिक्क्याचा कागद आण, तिसऱ्या मजल्यावर तूच द्यायचाय.