उडदाची वाघीण

लाल बटणावरची धूळ पदराने पुसली तरी कडेच्या खाचेतली राहिलीच, आणि ती नखाने काढताना कावेरीच्या मनात आलं, हे बटण आपण इतकी वर्षं दाबलं, पण कधी नीट पाहिलं नाही... पाहायचं असायचं ते रुळांकडे, आणि कान नवऱ्याकडे, बसवंतांकडे. त्यांच्या तोंडून शब्द निघेपर्यंत बोट नुसतं टेकवून ठेवायचं. "थांब... स्वल्प थांब... हं, आता." दाबून धरलेलंही त्यांना चालत नसे, तापतं म्हणायचे.

चार वाजता मल्हार येणार होता. पुण्याहून इथे कॉम्प्युटरच्या नोकरीला आलेला, इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत ओळख झालेला, जुन्या खेळण्यांचं वेड असलेला मुलगा. बसवंतांचं वर्षश्राद्ध उरकलं, आता जयनगरच्या या मागच्या खोलीत त्यांची खेळण्यातली आगगाडी धूळ खात कशाला ठेवायची, म्हणून तिनेच त्याला घेऊन जा म्हटलं होतं. काल त्याचा फोन आला. "काकू, डबे सुटतात ना अजून? आणि अनलोडिंग? तेवढं चेक करून ठेवाल?" सरी, म्हणाली ती, इथल्या सवयीने कानडीत बरं म्हणावं तशी. म्हणून आज पहिल्यांदाच ती नवऱ्याच्या खुर्चीवर बसली होती.

तसं त्यात अवघड काही नव्हतं. रुळाच्या एका तुकड्यात चुंबक होतं. लाल बटण दाबलं की ते डबे जोडणाऱ्या आकड्याखालची लोखंडी पट्टी खाली ओढायचं, आकडा उघडायचा, इंजिन पुढे निघून जायचं आणि मालाच्या वाघिणी जागच्या जागी राहायच्या. काळं बटण दाबलं की वाघिणीची पेटी एका अंगाला कलून कोळसा ताटलीत सांडायचा. कोळसा म्हणजे काळे उडीद—कुणा अमेरिकन डॉक्टरने मायदेशी परतताना सासऱ्यांना ही गाडी दिली, तिचा खोटा कोळसा केव्हाच हरवला होता. दर रविवारी डोशासाठीच्या डब्यातून मूठभर उडीद इकडे यायचे. तिकडे फोडणी करपत असायची आणि हाक यायची, "कावेरी, ये गं, एकट्याला जमत नाही." बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात अख्खं खातं सांभाळणारा माणूस, आणि घरात एक बटण दाबता येऊ नये... ती धुसफुसत जायची. त्यांच्या शेवटच्या रविवारी तर गेलीच नाही. मला कामं आहेत, म्हणाली. मग बराच वेळ गाडी नुसती गोल गोल फिरल्याचा आवाज येत राहिला.

तिने डाव्या हाताने वेगाची दांडी सरकवली. गाडी निघाली, वळण घेऊन आली, चुंबकाजवळ तिने ती हळू केली आणि उजव्या हाताने बटण दाबलं. आकडा सुटला. इंजिन एकटंच पुढे गेलं. मग काळं बटण, आणि उडीद ताटलीत खळ्ळकन सांडले. पहिल्याच खेपेला.

तिने पुन्हा करून पाहिलं. पुन्हा तसंच झालं. दांडी आणि बटणं यांच्यात वीतभर अंतर होतं.

म्हणजे त्यांना एकट्याला जमत होतं. लग्नाआधी, लहानपणापासून ते ही गाडी चालवत होते, तेव्हा कोण होतं बटण दाबायला? मग मला कशाला बोलवत होतात... नुसतं येऊन बस म्हणाला असतात तर आले असते मी. आले असते? कुणास ठाऊक. गॅस आला का, पोरीचं पत्र आलं का, याखेरीज आपल्या घरात बोलणं तरी काय व्हायचं—आणि रविवारचं ते थांब, आणि आता. तेवढ्यासाठी हा माणूस तीस वर्षं धडधडीत खोटं बोलला, आणि मी ते खरं मानून कुरकुरत राहिले.

बेल वाजली. दारात मल्हार होता, हातात रिकामं खोकं. "काकू, सगळं वर्किंग आहे ना?"

"अजून बघितलं नाही," ती म्हणाली. "पुढच्या आठवड्यात ये."

"नो प्रॉब्लेम, काकू." त्याची स्कूटर कोपऱ्यावरून वळेपर्यंत ती दारातच उभी राहिली. बसवंत गेल्यापासून ती पुष्कळ रडली होती, पण रागावली नव्हती. आज तिला त्यांच्याशी कडाडून भांडायचं होतं, आणि तेवढ्यापुरते तरी ते समोर हवे होते.