फीत पुढे, मन मागे

मी लाल साटीनची फीत. कुणाच्या तरी झग्याला लावून उरलेला तुकडा. केरातच जायची, पण शिवणकाम करणाऱ्या एका बाईने मला उचललं, माझी टोकं मेणबत्तीवर शेकली आणि आपल्या बायबलच्या पाठीला मला टाचून टाकलं. तेव्हापासून माझं काम एकच. वाचन जिथं थांबलं, तिथं पडून राहायचं.

मशीनला हात लावण्याआधी ती रोज सकाळी खिडकीपाशी बसते. क्रूसाची खूण करते, पवित्र आत्म्याला हाक मारते, पान उघडते. पण ओठ शुभवर्तमान वाचायचे आणि मन बाह्या कापायला निघून जायचं! पान संपलं की मला पुढं सरकवायची. फीत पुढे, बाई मागेच. मला सगळं कळायचं, पण फितीला कोण विचारतो?

बाह्यांचं एक वेळ ठीक होतं. खरं दुखणं वरच्या मजल्यावर होतं. तिथं तिची थोरली जाऊ एकटीच राहते. सासूबाईंच्या आजारपणात कुणी किती केलं, यावरून शब्दाने शब्द वाढला आणि दोघींचं बोलणं तुटलं. नेमकी प्रार्थनेच्या वेळी वर चप्पल वाजायची, फटक फटक. "मुद्दाम करते!" असं पुटपुटत ही पान उलटायची.

तिने कानांत कापूस घातला. मोठ्याने वाचून पाहिलं. चप्पल जास्तच ऐकू यायला लागली. शेवटी एका रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर ती फादरांकडे गेली.

"फादर, वाचायला बसले की चित्तच ठरत नाही. देव रागावला असेल माझ्यावर."

"मन जातं कुठं?"

"वर. जावेच्या चपलेत."

फादर हसले. "मग देवालाही सोबत न्या की! चप्पल वाजली, की जावेसाठी एक प्रार्थना म्हणा."

पहिले काही दिवस तिने ती दातओठ खात म्हटली. मग नुसतीच म्हटली. चप्पल वाजली की बोट ओळीवर थांबायचं, ओठ हलायचे आणि बोट पुन्हा त्याच ओळीवरून पुढं जायचं. मी कित्येक दिवस एकाच पानात राहिले, पण त्या पानातला शब्द न् शब्द वाचला गेला. मला फार बरं वाटलं.

मग एका सकाळी चप्पल वाजलीच नाही.

तिने एक ओळ वाचली आणि छताकडे पाहिलं. दुसरी वाचली, पुन्हा पाहिलं. मग ताडकन उठली. मला पानात घालायचंही तिला भान नव्हतं. मी बाहेर लोंबत, अशी आमची वरात जिना चढली.

दार नुसतं लोटलेलं होतं. जाऊ तापाने फणफणली होती आणि पाण्याच्या पेल्यापर्यंत तिचा हात पोचत नव्हता.

"तू? वाचन सोडून आलीस?"

"लक्षच लागेना, ताई. तुमची चप्पल वाजली नाही."

तिने बायबल मिटून बाजूला ठेवलं, पाणी पाजलं, डॉक्टरांना बोलावलं. ते औषध देऊन गेल्यावर जाऊ हळूच म्हणाली, "तुझं अर्धंच राहिलं ना? इथंच वाच. मीही ऐकते."

आता माझे धागे सुटलेत, लाल रंग फिका पडलाय. रोज सकाळी मी वर जाते. दोघी आळीपाळीने वाचतात, एकीचं लक्ष उडालं की दुसरी चष्म्यावरून बघते. वाचणाऱ्यांनो, एवढंच सांगते. मला उगाच पुढं सरकवू नका.

पहिल्यांदा वर गेलो त्या दिवशी मी कुठल्याच पानात नव्हते. तरी तिने बायबल उघडलं आणि तिचं बोट नेमकं सुटलेल्या ओळीवर जाऊन टेकलं.