चालवणार कोण?

“घरगाडी चालवणार कोण?” रेनीने विचारलं.

“मी. अजून कोण?” वर्लन म्हणाला.

आर्डिसने नवऱ्याकडे पाहिलं. मग ती दुकानाच्या काचेतून बाहेर बघू लागली.

वॉटरटाउनच्या बाहेर हमरस्त्याला लागून रेनी कोल्स्टाडचं गाडीच्या सामानाचं दुकान होतं. ऑक्टोबरात थंडी पडू लागली की डाकोटातली निवृत्त माणसं घरगाड्या, म्हणजे चाकांवरची राहती घरं घेऊन उबदार टेक्ससकडे निघायची. तिथे तळावर घरगाडी एकदा लावली की दूध-पाव आणायला ती कोण हलवणार? म्हणून मागे छोटी मोटार ओढत न्यायची. ती जोडायची कशाने, हे ठरवायला वर्लन आणि आर्डिस टेसडाल हे नवराबायको आले होते.

वर्लनने उभी हयात दूध संघाचा टँकर चालवला होता. पण आता त्याच्याकडे गाडी चालवण्याचा परवानाच नव्हता. मार्चमध्ये डोळ्यांच्या डॉक्टरांनी तो काढून घ्यायला लावला होता. कशाकडेही सरळ पाहिलं की मधोमध राखेचा डाग पडल्यासारखं व्हायचं. दिसायचं ते फक्त कडेकडेचं. टेक्सस रद्द करू, असं तो म्हणाला होता. “रद्द कशाला? मी शिकते,” असं म्हणून शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झालेल्या आर्डिसने उन्हाळाभर चर्चच्या मोकळ्या पटांगणात घरगाडी फिरवली होती. शेजारी बसून वर्लन सारखा करवादायचा. ती शिकली.

हे सगळं रेनीला एका वाक्यात सांगता आलं असतं. पण वर्लन दारातून आत येताच रेनीने त्याचा हात दोन्ही हातांत धरला होता. “आमचे वडील तुमच्यासोबत दूध वाहायचे,” तो म्हणाला होता. “ते सांगायचे, बर्फाच्या वादळात रस्ता दिसेनासा झाला की डोकं चालवायचं नाही, वर्लनच्या मागच्या दिव्यांमागे गाडी घालायची.” यानंतर ‘चालवणार कोण’ हा प्रश्न आला आणि वर्लनच्या तोंडून ‘मी’ निघून गेलं.

रेनीने दोघांना एकेक वस्तू दाखवली. अख्खी मोटार वर चढवायचा ट्रेलर त्यांच्या घरगाडीला झेपणारा नव्हता. राहिल्या दोन. एक डॉली, म्हणजे दोन चाकांचा बुटका गाडा. त्यावर मोटारीची पुढची चाकं चढवायची, पट्ट्यांनी आवळायची, मागची चाकं रस्त्यावर फिरत येतात. दुसरा पोलादी दांडा. तो घरगाडीच्या मागे कायमचा बसवलेला असतो, मोटार चारही चाकांवर त्याच्यामागून येते, आणि तिच्या ब्रेकवर एक पेटी बसवायची, घरगाडी थांबली की ती पेटी ब्रेक दाबते.

“डॉली,” वर्लन म्हणाला. “दांड्यासारखी मोटारीच्या तोंडाला भोकं पाडायला नकोत. पट्टे काय, आवळले की झालं.”

“एकट्या माणसाला कुठलं सोपं जाईल?” आर्डिसने विचारलं.

“एकटं कशाला? मी आहे ना.”

“मी आपलं विचारलं.”

“हिला प्रश्न फार,” वर्लन रेनीला म्हणाला आणि हसला. रेनीही हसला. आर्डिस हसली नाही.

“मग बाहेर चला,” रेनी म्हणाला. “मोटार तुमची, तुम्हीच चढवून बघा. तुम्हाला मी काय शिकवणार?”

आर्डिसच्या पर्समधून किल्ली मागून घेताना वर्लनने तिच्याकडे पाहणं टाळलं. “वर्लन, राहू दे,” ती हलकेच म्हणाली. तो ऐकून न ऐकल्यासारखं करून पुढे झाला.

अंगणात एका ट्रकच्या मागे डॉली जोडून ठेवली होती. रेनी तिच्या बाजूला उभा राहून हातांनी खुणा करू लागला. वर्लनने गाडी सुरू केली. डाव्या कडेला कुंपण दिसत होतं, उजव्या कडेला दुकानाची भिंत. मधला सगळा भाग राखेत बुडालेला होता आणि रेनी, त्याचे हात, डॉलीच्या उतरत्या फळ्या त्या राखेतच कुठेतरी होत्या. इतक्या वर्षांची सवय आहे, पायाला कळेल, असं वाटून त्याने गाडी पुढे घेतली.

पुढचं एक चाक फळीवर चढलं, दुसरं फळीच्या बाहेरून गेलं. पत्रा चेपल्याचा आवाज झाला. रेनी मागे उडी मारताना खडीवर पडला, आणि गाडी त्याच्या बुटांच्या अगदी जवळ येऊन थांबली.

आर्डिस धावत पोचली. रेनीचा तळहात सोलवटून रक्त आलं होतं.

“माझं चुकलं,” ती म्हणाली. “मी मध्येच हाक मारली. दचकला तो.”

“गाडी चढत असताना हाक मारायची नसते हो, बाई,” रेनी खडी झटकत म्हणाला. “माणूस मेला असता.”

“हो. चुकलंच माझं.”

वर्लन स्टिअरिंग धरून बसून राहिला. काचा उघड्या होत्या. त्याला सगळं ऐकू येत होतं.

आत आल्यावर आर्डिसने बेसिनपाशी रेनीचा हात नळाखाली धरला आणि खडीचे बारीक कण काढू लागली. वर्लन खुर्चीत टेकला. शाळेच्या स्वयंपाकघरात मुख्याध्यापकसुद्धा आर्डिसशी आवाज चढवून बोलत नसत. एकदा एका निरीक्षकाला तिने हातातला वाढायचा डाव उगारून दाराबाहेर काढलं होतं आणि सगळं गाव आठवडाभर हसत होतं. ती आता खाली मान घालून दुसऱ्याचा तळहात धूत होती.

“पत्र्याचं बघू आपण,” रेनी म्हणाला. “चालायचंच. मग डॉलीच देऊ ना, वर्लन?”

“तिने हाक मारली नव्हती,” वर्लन म्हणाला.

“काय?”

“हाक मारलीच नव्हती तिने. मला तू दिसत नव्हतास.”

आर्डिसने नळ बंद केला.

“मार्चमध्ये परवाना गेला माझा. डोळे गेलेत. घरगाडी ती चालवते. आज इथवर मोटारही तिनेच आणली.”

रेनी बेसिनपासून त्याच्याकडे वळला. मग सावकाश म्हणाला, “आणि तुम्ही मला गाडीपुढे उभं केलंत.”

“हो.”

“माझी लहान पोरं आहेत घरी.”

“हो,” वर्लन म्हणाला. ‘असू दे’ असं कोणीतरी म्हणेल म्हणून तो थांबला होता असं नाही. कोणी म्हणालं नाही. आर्डिससुद्धा.

रेनीने हाताला फडकं गुंडाळलं, खुर्ची ओढली आणि वर्लनकडे पाठ करून आर्डिससमोर बसला. “बोला. तुम्हाला काय झेपेल?”

“पट्टे आवळायला माझा खांदा साथ देणार नाही,” आर्डिस लगेच म्हणाली. “तळावर पोचल्यावर तो गाडा हातांनी ढकलत नेणं मला होणार नाही. पावसाचिखलात गुडघ्यांवर बसणंही नाही. दांड्याला मोटार जोडताना थोडं पुढेमागे झालं तर चालतं का? का अगदी नेमकी आणून उभी करावी लागते?”

“नाही, दांड्याचे हात लांब-आखूड होतात.”

“मग दांडा.”

वर्लन ऐकत होता. महिनाभर जेवायला बसलं की तो तिला डॉलीचे गुण सांगायचा, आणि ती बटाटे वाढत “बरं” म्हणायची. खांद्याचं, गुडघ्यांचं सगळं तिच्या मनात तेव्हाही तयार असणार. त्याने विचारलंच नव्हतं.

मोटार दुरुस्तीला आणि दांडा बसवायला दुकानातच राहिली. रेनीने त्यांना आपल्या ट्रकमधून घरी सोडलं. वाटेत तो आर्डिसशी हवापाण्याचं बोलला.

पुढच्या गुरुवारी आर्डिस घरगाडी घेऊन आली. रेनी सांगत गेला आणि तिने स्वतः मोटार दांड्याला लावली. खिळी घातल्या, साखळ्या अडकवल्या, दिव्यांची तार जोडली, ब्रेकवर पेटी बसवली. एक खीळ बसेना तेव्हा वर्लन दोन पावलं पुढे आला आणि थांबला. तिने मोटार किंचित मागे घेतली. खीळ बसली.

“आता एक लक्षात ठेवा,” रेनी तिला म्हणाला. “ही जोडी मागे घेता येत नाही. चाकं आडवी होऊन दांडा मोडतो. आत शिरल्यावर सरळ पुढूनच बाहेर पडता येईल, अशीच जागा बघायची.”

“हात कसा आहे?” निघताना वर्लनने विचारलं.

“भरत आलाय,” रेनी म्हणाला, आणि आत गेला.

वाटेत त्यांच्या गावाच्या तोंडाशी कॅफे होता. दूध संघाचे जुने ड्रायव्हर सकाळी तिथे खिडकीशी बसत. मार्चपासून वर्लन त्यांच्यात बसायचा, पण आर्डिसला गाडी इमारतीच्या मागे, कचऱ्याच्या पेट्यांपाशी लावायला सांगायचा. मग एकटाच वळसा घालून पुढच्या दाराने आत जायचा. तो चालकाशेजारच्या सीटवरून उतरतो, हे तिथे कोणी पाहिलं नव्हतं. आर्डिस मागेच बसून विणकाम करत थांबायची.

“कॉफी?” आर्डिसने विचारलं. तिने वेग कमी केला होता. “मागे गेले तर परत बाहेर निघता येणार नाही.”

वर्लनने टोपी डोक्यावर चढवली.

“समोर लाव,” तो म्हणाला. “आणि तूही चल.”

तिने ती सगळी लांबलचक जोडी रस्त्याच्या कडेला, खिडकीच्या अगदी समोर आणून उभी केली. खिडकीतली बोलणी थांबली असणार. त्याला दिसत नव्हतं. चालकाशेजारच्या सीटचं दार उघडून तो एकेक पायरी चाचपत उतरला. आर्डिस स्टिअरिंगच्या बाजूने वळसा घालून आली.

काचेपलीकडे कोणीतरी हात वर केल्यासारखं वाटलं. कोण ते कळलं नाही. वर्लनने टोपी काढली, आर्डिसचा दंड धरला, आणि दार कुठे आहे ते तिला विचारलं.