फाटकाजवळचा कोळसा

रूळ उखडून नेले त्याला बारा वर्षं झाली होती. डरहम परगण्यातल्या त्या वाटेवर आता बर्चची झाडं आणि काटेरी ब्लॅकबेरी माजली होती. माणसं कुत्री फिरवायला येत आणि तिला उद्यान म्हणत. फाटकवालीच्या घराचं नुसतं जोतं उरलं होतं. तिथं फलक लावायचा म्हणून उद्यानाची देखरेख करणारी मिस पार्गेटर वही घेऊन आली होती.

"इथल्या मातीत एवढा कोळसा कसा हो?" तिनं विचारलं.

फाटकवालीची मुलगी एडना तोंड उघडणार, तोच भावानं तिला कोपरानं ढोसलं. "गप्प बस! आईला फलकावर चोर ठरवशील," विल्फ पुटपुटला. मिस पार्गेटर जोत्याचं माप घ्यायला पलीकडं गेली.

त्यांची आई इथलं रेल्वेचं फाटक सांभाळायची. थंडीत ती कुंपणाच्या खांबावर रिकामा डबा ठेवी. जाता जाता इंजिनाच्या भट्टीत कोळसा घालणारा फायरमन नेम धरून त्यावर कोळशाचं ढेकूळ भिरकावी. नेम चुकला की आई कमरेवर हात ठेवून ओरडे, "मेल्या, डोळे घरी ठेवून आलास का?" गाडी दूर गेली की छोटी एडना बादली घेऊन धावे. पुढं विल्फच फायरमन झाला, आणि त्याच्याइतका आंधळा अख्ख्या मार्गावर नव्हता. डब्याला एकदा लागेल तर शपथ!

"सांगू दे की," एडना हसली. "आपला विल्फ केवढा नेमबाज होता ते कळू दे लोकांना."

"पबमधल्या डार्ट फेकायच्या स्पर्धेची ढाल चार वर्षं कुणी जिंकली गं?"

एडनाला ढाल आठवली. ती आईच्याच शेगडीवरच्या फळीवर असायची. आई ती रोज पुसायची.

"डब्याला लागलं की ढेकळाचा चुरा व्हायचा," विल्फ म्हणाला. "चुऱ्यावर तुझे पाय शेकले असते का? सगळेच मुद्दाम चुकवायचे."

"आणि आई?"

"ती एवढी ओरडायची ती कुणासाठी? गाडीच्या शेवटच्या डब्यातल्या गार्डला ऐकू जावं, त्याला हा नुसता नेमबाजीचा खेळ वाटावा म्हणून. पण तिनं मागितला नव्हता कधी. कंपनीचा कोळसा आम्ही फेकला."

मिस पार्गेटर परत आली. एडनानं भावाकडं पाहिलं. सांगायचं तर त्यानंच सांगायला हवं होतं.

विल्फनं टोपी काढली. "घ्या लिहून, बाई. विल्फ्रेड हेस्लप, फायरमन. आणखी आठ जण होते, त्यांचीही नावं सांगतो. आईचं नाव आमच्यात नको. ते वर, एकटं."