आधी सलाम

अमळनेरपासून दोन कोसांवरच्या त्या ख्रिस्ती वस्तीत एक रीत होती. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असे; येशूच्या आठवणीची भाकर सगळी मंडळी वाटून खायची. त्याआधी पाळकसाहेब सांगायचे, ज्याचं कुणाशी वाकडं असेल त्याने त्याच्याकडे जाऊन दोन्ही हात जोडून सलाम करावा, समोरच्यानेही हात जोडून तो घ्यावा, मगच भाकरीला हात लावावा. सलाम न घेणाऱ्यालाही भाकर नाही. रीत चांगली, पण पहिल्यांदा उठायचं कुणी? म्हणून सगळे खाली बघत बसायचे आणि कुणाचंच कुणाशी वाकडं नसायचं!

भागाबाई दीड वर्ष देवळाकडे, म्हणजे वस्तीतल्या चर्चकडे, फिरकलीच नव्हती. तिची रूथ, सहा वर्षांची, तापाने गेली तेव्हा ती वावरात कापूस वेचत होती. साधा ताप आहे, उतरेल, असं स्वतःच म्हणून गेली होती. त्या दिवसापासून बाईने अंथरूण धरलं, ते भिंतीकडे तोंड करून. घास घशाखाली उतरेना. नवरा, सुकदेव, तिचे केस विंचरून द्यायचा आणि वस्ती त्याला हसायची. हसू दे मेल्यांना.

त्यात मंडळीचे पंच चुडामणभाऊ घरी आले. दारातूनच म्हणाले, विश्वास असता तर बाई अशी पडली नसती, हे सैतानाचं काम आहे. मंडळीपुढे पापाची कबुली देत नाही तोवर हिला प्रभुभोजन नाही. झालं! आधीच मेल्यासारखी पडलेली बाई, तिच्या उरावर आणखी एक धोंडा.

मग उठली कशी? कुणी म्हणेल चमत्कार. छे! एका सकाळी प्रार्थना करता करता सुकदेव रडायला लागला आणि भागाबाईला देवाचा असा राग आला, की ती उठून बसली आणि त्याच्याशी तोंडावर भांडली. माझी पोर का नेलीस? मी वावरात निघाले तेव्हा माझा पाय का धरला नाहीस? सगळं ओकली. शेवटी तोंडून निघालं, मी चुकले रे बापा, मला पदरात घे. आणि त्याने घेतलं. कसं कळलं, ते तिलाही सांगता यायचं नाही. पण त्या दुपारी तिला भूक लागली. पुढेही वाईट दिवस आले, पुन्हा तोंड भिंतीकडे झालं. पण आता ती तिथं पडल्या पडल्या त्याच्याशी बोलायची.

त्रेपन्न सालच्या डिसेंबरातल्या पहिल्या रविवारी ती धुतलेलं लुगडं नेसून देवळात गेली. भाकर मिळते की नाही, एवढंच तिच्या डोक्यात होतं. चुडामणभाऊ भाकरीचं ताट घेऊन पुढे उभे होते. तिला पाहताच म्हणाले, आधी कबुली द्यावी. मी अंथरुणाला खिळले ते अविश्वासाचं पाप होतं, एवढं म्हटलं की झालं.

भागाबाई उठली आणि बायकांची बाजू सोडून थेट त्यांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

"मनी पोर गई तवय मी वावरमां व्हतू. तेनी माफी मी देवजोडे मांगी, नी ती माले भेटनी," ती म्हणाली. "पन दुखनानी माफी मी मांगनार नही. ते दुखनं व्हतं, पाप नव्हतं."

चुडामणभाऊ काही बोलणार, तेवढ्यात तिने दोन्ही हात जोडले. अंगाची लाही लाही होत होती. माफ करणं काही गोड लागत नव्हतं तिला. दारातले ते शब्द तेव्हापासून तिने उराशी धरले होते.

"तुम्हनं बोलनं मी मनमां धरेल व्हतं. ते आज मी सोडं. सलाम, भाऊ."

आता आली का पंचाईत! सलाम घेतला तर कबुली बारगळली आणि नाही घेतला तर ताट हातात असून चुडामणभाऊच उपाशी. त्यांनी पाळकसाहेबांकडे पाहिलं. पाळकसाहेब एवढंच म्हणाले, की रीत सगळ्यांना सारखी आहे.

भागाबाई हात जोडून तशीच उभी राहिली. शेवटी चुडामणभाऊंनी ताट टेबलावर ठेवलं, कारण एका हाताने सलाम होत नाही. हात जोडताना त्यांची मान खाली गेली.

"सलाम, भागाबाई."

मग ताट उचलून त्यांनी पहिल्यांदा तिच्यापुढेच धरलं. भाकर सकाळची होती, कडक झालेली. भागाबाईने तुकडा तोडला, सुकदेवकडे एकदा पाहिलं आणि सगळ्या मंडळीदेखत चावून चावून गिळला.